शेजारच्या सीटचा ब्रेक

मिस्त्रीला सगळे डबलकडी म्हणत. तोंडावर नाही, पण त्याला ते ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटत नसे. त्याच्या हातून बाहेर पडलेल्या कुठल्याही वस्तूला दोन कड्या असायच्याच. एक लावायला, दुसरी पहिली निसटलीच तर म्हणून. भिंतीत मिटणारा पलंग असो, पायरीत सरकणारा खण असो, नाहीतर टेम्पोच्या पाठीत बसवलेलं अख्खं स्वयंपाकघर. गिऱ्हाईक वैतागायचं, "अहो मिस्त्री, एक कडी पुरे की!" मिस्त्री मान डोलवायचा. "पुरेल हो. पण नाही पुरली तर?" या 'तर'ला कोण काय उत्तर देणार? गिऱ्हाईक मुकाट्यानं दोन कड्यांचा पलंग घेऊन घरी जायचं. आणि खरं ते बोलावं, त्याचा पलंग आजवर कुणाच्या अंगावर पडला नाही.

वर्कशॉपच्या मागच्या खोलीत तो आणि त्याची बायको राहायचे. खोली एवढीशी, की नवा माणूस आत आला की विचारायचा, "बाकीचं घर कुठाय?" बाकीचं घर भिंतीत होतं. कड्या काढल्या की पलंग खाली यायचा, फळी ओढली की कपाट बाहेर यायचं, आणि हँडल फिरवलं की ओटा उतरून चाकांच्या खुर्चीच्या उंचीला येऊन थांबायचा. कारण बायको खुर्चीत होती. पूर्वी ती शाळेत शिकवायची, आणि अजून सगळे तिला मास्तरीणबाईच म्हणत. तिच्या पाठीच्या कण्यात गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, गाठ गेली, पण जाताना पाय घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले होते, "आता घाबरण्यासारखं काही नाही. फक्त हातांकडं लक्ष ठेवा. हातात काही वेगळं वाटलं तर लगेच या." यातलं 'घाबरण्यासारखं काही नाही' हे मिस्त्रीला ऐकूच आलं नाही. पुढचं मात्र त्यानं पाठ करून टाकलं.

मास्तरीणबाईची जीभ होती तशीच तिखट होती. "आमच्याकडं झोपायचं म्हटलं तरी आधी तुरुंग उघडावा लागतो," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. नवराही कसला! ती दुपारी जरा पलंगावरून खुर्चीत सरकली, की हा वर्कशॉपमधून हात पुसत दारात हजर. "काय झालं?" "काही नाही. तुम्ही का आलात?" "सहज आलो होतो." दिवसातून कितीदा सहज यावं माणसानं, याला काही धरबंध?

एके दिवशी ती म्हणाली, "मला चालवता येईल अशी गाडी करून द्या."

"कुठं जायचंय? मी नेतो की."

"तेच तर. तुम्ही नेता. दवाखान्यात नेता, बाजारात नेता, बहिणीकडं नेता. मी काय पिशवी आहे? मला एकदा एकटीनं जायचंय आणि एकटीनं परत यायचंय."

"पण कुठं?"

"ते निघाल्यावर ठरवीन."

मिस्त्रीला हे काही पटलं नाही. पण त्याचं एक होतं, 'हे होईल का' असं कुणी विचारलं की त्याचे हात त्याच्या आधीच कामाला लागायचे. त्यानं एक जुनी, बिनगिअरची छोटी गाडी पैदा केली. स्टिअरिंगच्या बाजूला एक दांडा बसवला. आपल्याकडं ओढला की गाडी पळणार, पुढं ढकलला की ब्रेक लागणार. स्टिअरिंगवर एका हातानं फिरवायला मूठ बसवली. ड्रायव्हरची सीट दाराकडं वळायची आणि खाली उतरायची, चाकांची खुर्ची घडी होऊन छोट्या मोटरच्या पट्ट्यानं मागं ओढली जायची. बघायला लोक जमले. गाड्या सजवणारा एक पेंटर तर गाडीभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "मिस्त्री, तू मोठ्या कारखान्यात जन्मायचास, चुकून वर्कशॉपमध्ये जन्मलास रे." सरकारी तपासणी झाली, शिक्का बसला. सगळं कसं यथासांग झालं होतं, आणि इथंच या माणसानं थांबायला हवं होतं.

पण तो थांबेल तर डबलकडी कसला! बायको बहिणीकडं गेली असताना त्यानं शेजारच्या सीटपुढचा गालिचा उचलला, खाली पायाशी चपटी पट्टी बसवली आणि तिची तार ड्रायव्हरच्या ब्रेकच्या दांड्याला जोडली. गालिचा परत अंथरला. शोधून सापडली नसती. शेजारी बसून आपण पाय दाबला की गाडी थांबणार. शिक्का बसलेल्या गाडीत असं काही करायचं नसतं, हे त्याला कळत नव्हतं असं नाही. पण बायको भरधाव निघालीय आणि आपण नुसते हात चोळत शेजारी बसलोय, हे चित्र त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना. सरावाच्या दिवसांत तो पाय आवरून, जीव मुठीत धरून बसायचा. एकदाच एक कुत्रं आडवं आलं तेव्हा त्याचा पाय दाबला गेला, पण तेवढ्यात तिनंही दांडा ढकलला होता. त्यामुळं तिला काही कळलं नाही.

लायसनच्या टेस्टआधी पट्टी काढायची असं त्यानं ठरवलं होतं. पान्हाही हातात घेतला होता. मग मनात आलं, ऐन टेस्टलाच काही झालं तर? राहू दे. आता शेजारी बसणार परीक्षा घेणारा साहेब, त्याला बिचाऱ्याला हा ब्रेक आहे हे ठाऊकच नाही, मग त्याचा उपयोग काय, हे काही याच्या डोक्यात आलं नाही. काळजीला कुठं एवढं डोकं असतं?

साहेब उंच होता. सीट मागं सारून, पाय लांब करून बसला. मिस्त्री मैदानाच्या कडेला कठड्याला धरून उभा. गाडी छान निघाली. पहिल्या वळणावर ती गचकन थांबली. परत निघाली, दुसऱ्या वळणावर परत गचका. शेजारी बसलेल्या माणसाचा पाय वळणावर आपोआप दाबला जातो, तुमचाही जातो, माझाही जातो. साहेबाचा तेवढाच गुन्हा. मिस्त्रीला पहिल्याच गचक्याला सगळं कळलं. धावत जाऊन सांगावं, तर शिक्क्याच्या गाडीत लपवलेला ब्रेक! गाडीच जप्त व्हायची. तो कठड्याला धरून तसाच उभा राहिला.

साहेब उतरला आणि जरा हळू आवाजात म्हणाला, "बाई, तुम्ही उगाचच ब्रेक मारताय. हातांवर ताबा नाही तुमचा. असं नाही सोडता येणार."

परतताना मिस्त्रीनं गाडी चालवली. मास्तरीणबाई शेजारी बसून आपल्या पंजाकडं बघत होती. तिनं साहेबाला शिव्या घातल्या असत्या, नवऱ्याला टोमणे मारले असते, तर त्याला बरं वाटलं असतं. घर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "दांडा मी ढकलला नाही हो. हात आपला आपण पुढं गेला."

तिथंच त्यानं सांगायला हवं होतं. त्याऐवजी त्यानं मनाशी एक पळवाट काढली. डॉक्टर गावाला गेलेत, पुढच्या आठवड्यात येतील, हात तपासतील, ठणठणीत आहेत म्हणतील, की मिटलं. आपल्याला काही बोलायलाच नको. शाबास! तोवर त्या बाईनं काय करायचं?

ती काय करत होती ते त्याला रोज दिसत होतं. ती चहाचा कप दोन्ही हातांनी धरायला लागली. शेंगा मोडता मोडता मधेच थांबायची आणि बोटं एकेक करून हलवून बघायची. कुणी आलं की हात पदराखाली. टोमणे बंद. पलंगाच्या कड्यांबद्दलसुद्धा ती काही बोलेना. मिस्त्रीला अन्न गोड लागेना. तो वर्कशॉपमध्ये एकच स्क्रू घट्ट करायचा, सैल करायचा, परत घट्ट करायचा.

मग एका सकाळी तिनं त्याला आत बोलावलं. एखाद्या गिऱ्हाइकासारखं, शांतपणे.

"टेप घेऊन या. आत्तापासूनच करून ठेवू. मग घाई नको."

"काय करायचंय?"

"नळ कोपरानं उघडेल असा करा. दाराला मूठ नको, खांद्यानं ढकललं की उघडलं पाहिजे. ओट्याचं हँडल काढा, बटण बसवा, मोठं, मनगटानं दाबता येईल असं. आणि या पलंगाच्या कड्या... त्या काही मला पुढं जमायच्या नाहीत."

ती शिकवायची तशी बोलत होती, एकेक मुद्दा नीट सांगत. हात गेल्यावरचं घर तिनं मनात उभंही केलं होतं. "बघताय काय? कोपराची उंची घ्या," ती म्हणाली आणि कोपर पुढं केलं.

मिस्त्री गुडघ्यावर बसला. टेपचं टोक जमिनीला लावलं, वर ओढला. आकडा वाचला, परत वाचला, पण लक्षातच राहीना. जन्मात पहिल्यांदा तो माप विसरला. त्यानं टेप सोडून दिला.

"चल," तो म्हणाला. "गाडीत चल."

"आता कशाला? विकून टाका ती."

"अगं, चल म्हणतो ना!"

त्यानं तिला गाडीत बसवलं. गाडी बंदच होती. तिचा हात दांड्यावर ठेवला. "नुसता धर. ढकलू नकोस." मग तो फिरून शेजारी येऊन बसला आणि त्यानं पाय दाबला. तिच्या तळव्याखालचा दांडा पुढं सरकला.

ती दचकली. तिनं दांड्याकडं बघितलं, मग नवऱ्याकडं, मग त्याच्या पायाकडं.

"पुन्हा," ती म्हणाली.

त्यानं पुन्हा दाबला. दांडा पुन्हा सरकला.

"पुन्हा."

किती वेळा पुन्हा म्हणाली कोण जाणे. मग तिनं दांड्यावरचा हात काढला, मुठी आवळल्या, उघडल्या, परत आवळल्या, आणि ती रडायला लागली. आणि रडता रडताच असा आवाज चढवला, की बाहेर रस्त्यावर दोन माणसं थांबली.

"हात मेले असं वाटलं मला! कळतंय का तुम्हाला? आता जेवायचं कसं, केस विंचरायचे कसे, सगळं ठरवून बसले होते मी! आणि तुम्ही गप्प? उंची मोजायला बसलात?"

"मला भीती वाटली."

"कसली?"

"सगळ्याचीच," मिस्त्री म्हणाला. यापेक्षा खरं उत्तर त्याच्याकडं नव्हतं.

"काढा ते. आत्ता, माझ्यासमोर."

त्यानं गालिचा उचलला, तार कापली, पट्टी काढली. ती बघत होती. पट्टी हातात घेऊन तिनं नाक पुसलं आणि पूर्वीच्या धारेनं विचारलं, "अजून काय काय लपवून ठेवलंयत?"

मिस्त्री पान्हा पुसायला लागला.

"बोला!"

"पलंगाखाली बटण आहे. तू उठलीस की वर्कशॉपमध्ये घंटी वाजते."

"काय?"

"छोटी आहे. फार वाजत नाही."

"म्हणजे ते सहज आलो, सहज आलो..." ती हसतेय की परत रडतेय हे त्याला कळेना, आणि विचारायची छाती नव्हती. घंटीही त्याच दिवशी निघाली. पलंगाची दुसरी कडी मात्र तिनं राहू दिली. म्हणाली, "असू दे. हाताला व्यायाम."

पुढच्या टेस्टला तो आलाच नाही. तिनंच बजावलं होतं, बहिणीला घेऊन जाईन, तुम्ही घरी बसा. साहेब तोच होता, वळणावर त्यानं पाय दाबलाही असेल, पण खाली आता नुसता गालिचा होता. ती पास झाली.

आणि मग ती सकाळ उजाडली. मास्तरीणबाई एकटीनं गाडीत बसली, खुर्ची मागं ओढली गेली, दार लागलं. मिस्त्री खिडकीशी आला. त्याला खूप काही सांगायचं होतं. आरसा, पेट्रोल, पुढच्या चौकातला खड्डा.

"मी आत जाऊ?" त्यानं विचारलं.

"जा."

गाडी निघाली. तो आत गेला नाही. रस्त्याच्या कडेला उभा राहून बघत राहिला. चौकाच्या अलीकडं एक म्हातारा भाजीची हातगाडी ढकलत एकदम आडवा आला. मिस्त्रीचा उजवा पाय रस्त्यावर जोरात दाबला गेला. गाडीचे मागचे लाल दिवे लागले होते. त्याच्या पायाच्या आधी लागले होते, ते त्यानं स्वतः बघितलं. म्हातारा सावकाश पलीकडं गेला. दिवे विझले, गाडी वळली आणि दिसेनाशी झाली.

पट्टी, तार, घंटी, आता त्याच्याकडं काहीच उरलं नव्हतं. तो तिथंच उभा राहिला. एक गिऱ्हाईक आलं, त्याला नंतर या म्हणून सांगितलं. उन्हाची तिरीप पायावरून गुडघ्यावर आली. मधे दोनदा त्याला वाटलं आपणच शोधायला निघावं, पण कुठं शोधणार? कुठं जाणार ते तिनं सांगितलंच नव्हतं.

शेवटी चौकातून गाडी आली. वर्कशॉपसमोर येऊन, जराही गचका न देता थांबली. काच खाली झाली.

"कुठं गेली होतीस?" तो धावत खिडकीशी आला होता.

"कुठंच नाही. गेले आणि आले." तिनं त्याच्याकडं, त्याच्या घामेजल्या चेहऱ्याकडं नीट बघून घेतलं. "आणि तुम्ही हो? उन्हात काय करताय इथं?"

मिस्त्रीनं हात पँटला पुसले.

"काही नाही," तो म्हणाला. "सहज आलो होतो."