सोन्याच्या गावाला आमच्या बाबांचं गाऱ्हाणं

मंडळी, आज सकाळपासून माझी कॉलर टाइट आहे. कारण आमचे बाबा.

देवरूखजवळच्या आमच्या गावात कुणी विहीर खणायला घेतली, की आधी बाबा त्या जागेच्या राखणदार देवाला गाऱ्हाणं घालतात, म्हणजे सांभाळ म्हणून विनवतात. माझी बहीण ऑस्ट्रेलियात बोअरवेलच्या कामावर आहे. आज तिचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, नवीन जागी बोअर मारतोय. गाऱ्हाणं घाला."

"जागा ठाऊक नसताना कसं घालू गो? कसलं गाव ते?"

तिने फोन फिरवला. सपाट लाल माती, कोरडा ओहोळ, चार घरं. म्हणाली, एके काळी इथे सोन्यासाठी झुंबड उडाली होती. सोनं संपलं तसे लोक गेले. काही खाणीतच गाडले गेले.

"आणि सोन्याच्या आधी कोण होतं?"

मग तिने शेजारच्या सहकाऱ्याला विचारलं. त्याचे पूर्वज तिथलेच, मूळ रहिवासी. त्याने ओहोळाचं जुनं नाव सांगितलं. नीट जमेपर्यंत बाबा ते म्हणत राहिले. मग टोपी घालून उभे राहिले आणि ते नाव घेऊन म्हणाले,

"बा म्हाराजा, ह्या ओहोळाच्या मूळ धन्या, आणि सोन्यापायी तिथंच मातीत राहिलेल्या जीवांनो, आमची पोर जमीन खणते आहे. तिला सांभाळा."

आई आणि मी "व्हय म्हाराजा" म्हटलं. तिकडून त्या दोघांनीही.

मग बहिणीने त्या सहकाऱ्याचं बोलणं सांगितलं. इतके लोक इथे खणून गेले, पण आधी विचारलं कोणीच नव्हतं.

बाबा म्हणाले, "न विचारता कसं खणायचं?"

तुमच्या गावात खणण्याआधी कोणाला विचारतात?