माझ्या खुराड्यातली अंडी

१९ जानेवारी २००४. सकाळी खुराड्यातलं ओलं तणस, म्हणजे भाताचा पेंढा, काढून कोरडं भरायचं होतं. नवरा एसटीत कंडक्टर, आज गडचिरोलीला मुक्काम तर उद्या चिमूरला, त्यामुळे हे काम माझ्याकडेच असे. सिंदेवाहीत आमच्या घरामागे मोकळी जागा होती. तिथे मी गावरान कोंबड्या पाळल्या होत्या. अंडी विकत असे, आणि कुणाला उबवायला हवी असली तर ताजी, मोठी निवडून वेगळी काढून ठेवत असे.

खुराड्याच्या खांबाला कुत्रा बांधलेला होता. एका हिवाळ्यात रानमांजराने बरीच पिल्लं मारली, तेव्हापासून त्याची जागा तीच. रानमांजर पुन्हा फिरकलं नाही. म्हणजे व्यवस्था उत्तम, असं माझं मत होतं.

तेवढ्यात मासे विकणारी बाई परसात आली. तलावाकाठच्या एका गावची ही विधवा बाई किती वर्षांपासून आमच्याकडे येत होती. टोपली उतरवून ती कोपऱ्यात टेकली, पण नेहमीसारखं मासळीचं कौतुक सुरू केलं नाही. म्हणाली, "सुनेले माहेरी धाडून राह्यली मी, बाई."

मी काऊन म्हणून विचारलं.

"तिच्या हातालेच गुण नाई. तुमी इतके चांगले अंडे देले, त्याच्या कोंबड्या झाल्या, पण एक बी बसत नाई. अंडे देते अन् पळते. पोटी तर काईच नाई. आता धानाचं बियाणं बी तिच्या हातून टाकू का?"

आधीच्या वर्षी सुनेला काही हाताशी असावं म्हणून हिनेच माझ्याकडून अंडी नेली होती. आमच्या भागात कोंबडी खुडूक झाली, म्हणजे उबवायला बसली, की तिच्याखाली अंडी कुणी ठेवायची हे पाहतात. ज्याच्या हाताला गुण, त्याने. माझ्या हाताला तो आहे असं अर्ध्या गल्लीचं म्हणणं होतं आणि मी ते कधी खोडून काढलं नव्हतं. ती अंडी त्यांच्या घरच्या जुन्या कोंबडीने उबवली, पण तिच्याखाली ठेवली होती सुनेने. पिल्लं निघाली, जगलीही. मात्र पहिल्या दिवसापासून बिचकी. कावळ्याची सावली पडली तरी कुडात शिरायची आणि दाणे टाकले तरी बाहेर यायची नाहीत. मोठी झाल्यावर त्यांतल्या माद्यांनी अंडी घातली, पण भांडं वाजलं की अंडी सोडून उठायच्या. लग्नाला चार वर्षं होऊनही मूल नसलेल्या बाईच्या हाताला या कोंबड्यांमुळे बोल लागला.

मी तणस झटकत होते. झटकता झटकता म्हणाले, "असते एकेकीचा हात तसा."

एवढंच. मासे घेतले, बाई गेली. पुढे मला कळलं की हे वाक्य तिने घरी जाऊन जसंच्या तसं सांगितलं होतं. मी सांगितलं म्हणजे शिक्काच.

दुपारी गावात कोंबडीपालनाचं शिबिर होतं. बचतगटाच्या बायका जमल्या होत्या. बोलायला एक तरुण पशुवैद्य मुलगी आली होती. लसी, खाद्य, जंत, हे सगळं मला माहीत होतं, म्हणून मी मागे बसून तांदूळ कुठून घ्यावा याचा विचार करत होते. मग कुणीतरी विचारलं, एकाच कोंबड्याची पिल्लं, पण एकीकडची धीट आणि एकीकडची भित्री, असं का होतं?

मुलगी म्हणाली, कारणं बरीच असतात. त्यांतलं एक असं की अंडं तयार होत असताना कोंबडीच्या रक्तातली संप्रेरकं थोडी थोडी बलकात उतरतात. ती भांडकुदळ कळपात राहत असेल तर वेगळी, सतत धास्तावलेली असेल तर वेगळी. पिल्लू कवचाच्या आत वाढतं ते या सगळ्यासकट. पुढे ते किती बिचकतं, कसं वाढतं, यावर त्याचा परिणाम होताना काही पक्ष्यांमध्ये दिसला आहे.

एक बाई म्हणाली, म्हणजे आमची पोरं बिघडली ते आमच्या सासवांमुळे. सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि हसता हसता मला आमचा कुत्रा आठवला.

मी उभी राहून विचारलं, खुराड्याला कुत्रा बांधला तर? तिने विचारलं, जाळीवर झेप घेतो का? मी म्हणाले, रोज.

ती म्हणाली, "तुमच्याच कोंबड्यांचं मी खात्रीने सांगू शकत नाही, मावशी. खाद्य असतं, वाण असतो. पण उबवायची अंडी देत असाल तर तो तिथे नको."

खात्रीने सांगू शकत नाही. हे शब्द मी घरी येईपर्यंत घट्ट धरून ठेवले होते. परसात आले तर दिवस कलला होता, कोंबड्या खुराड्यात शिरत होत्या. कुत्र्याने साखळी ताणून जाळीवर पंजे मारले. कोंबड्या एकीवर एक चढून मागच्या कोपऱ्यात गेल्या आणि तिथे नुसत्या धपापत राहिल्या. हे मी रोज संध्याकाळी पाहत होते. याला मी चपळपणा म्हणत होते. माझ्याकडची पिल्लंही बिचकी होती, पण ती बाजारात जायची. त्यांच्यावर आई व्हायची वेळच आली नव्हती, म्हणून माझं नाव शाबूत राहिलं होतं.

आणि त्या सुनेकडच्या पिल्लांनी माझा कुत्रा कधी पाहिलाही नव्हता. धास्ती त्यांच्याकडे गेली ती अंड्यातून, माझ्या टोपलीतून. गुण लागला असता तर तो माझ्या हाताचा ठरला असता. लागला नाही, तर तिच्या. हा हिशेब मी आनंदाने चालू दिला होता.

नवरा आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "मंग काय आता कुत्र्याले माहेरी धाडतं?" मला हसू आलं नाही. तो जेवता जेवता पुन्हा म्हणाला की तिच्या घरात आधीपासून मूल नाही म्हणून चाललंच होतं, ते काही माझ्यामुळे नाही. खरं होतं ते. पण घरात चाललेल्या गोष्टीला बाहेरून एक ढकल पुरते, आणि ती मी दिली होती.

जेवणानंतर मी समोरच्या शेजारणीकडे गेले. तिच्या कोंबड्या उकिरड्यावर मोकाट फिरायच्या आणि मी त्यावरून तिला कैक वेळा बोलले होते. मी तिच्याकडे अंडी मागितली, आणि तिची खुडूक कोंबडीही, पिल्लं निघेपर्यंत.

"काऊन वो? तुमच्या सोन्याच्या कोंबड्या कुठी गेल्या?"

"बिघडल्या," मी म्हणाले. "मीच बिघडवल्या."

तिने अजून काही टोमणा तयार ठेवला असावा, पण तो मारला नाही. अंडी मात्र दिव्यापुढे धरून एकेक तपासून दिली, माझ्यासारखीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर आधी कुत्र्याची साखळी सोडून त्याला पुढच्या दाराशी बांधला. मग कोंबडी डालग्यात घातली, अंडी तणसात गुंडाळली आणि मासेवालीच्या गावची पहिली गाडी पकडली. नवराच ड्यूटीवर होता. त्याने कोंबडीकडे पाहिलं आणि माझं तिकीट फाडलं.

सून अंगणातच होती. दाराशी बांधलेलं गाठोडं दिसलं. मला पाहून तिने हात पदराखाली घेतले. ती सवयच झाली असावी, कारण सासूने पाणी आण म्हटल्यावरही क्षणभर ते बाहेर निघाले नाहीत.

डालग्यातली कोंबडी पाहून सासूने टोपलीत तणस पसरलं, गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणून कोळशाचा तुकडा टाकला आणि टोपली माझ्यापुढे सरकवली. "घाला, बाई. तुमच्या हातानं."

"हिच्या हाताची नाई, माझ्या अंड्यांचीच खराबी होती," मी म्हणाले. "माझ्या कोंबड्या कुत्र्याच्या भेवानं अर्ध्या मेल्या होत्या. त्या भेवाची अंडी मी तुमाले देली. हिच्या हाताले काई झालं नाई. काल मी बोलली ते चुकीचं बोलली."

सासूला ते पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. ती टोपली तशीच धरून होती. मी हात पुढे केला नाही. शेवटी तिने टोपली सुनेकडे वळवली.

पोरीने हात पदराला पुसले आणि एकेक अंडं ठेवलं. मी कोंबडी वरून सोडली. कोंबडीने अंडी चोचीने पोटाखाली ओढली आणि बसली. मी गाठोड्याबद्दल विचारलं नाही. परतीची गाडी दुपारी होती. तोवर तिथेच अंगणात बसले आणि मासे साफ करायला त्यांना हातभार लावला.