शेवटचा खेळाडू, लांबडी गाडी

कुवेतमध्ये क्रिकेट खेळलेल्या माणसाकडे दोन गोष्टी साचत जातात, बुटात वाळू आणि तोंडात किस्से. वाळू बायको झाडून काढते. किस्से मात्र तुम्हालाच ऐकावे लागणार!

नव्वदच्या दशकात आम्हा मराठी मंडळींची शुक्रवारची, म्हणजे तिकडच्या सुट्टीच्या दिवसाची, लीग होती. सीझनच्या आधी सगळे रुमैथियात एकाच्या फ्लॅटवर जमायचे आणि कॅप्टन आळीपाळीने खेळाडू निवडायचे. मी कुवेत सिटीतल्या एका ऑफिसात अकाउंटंट, आणि स्वतःच्या मते मीडियम पेसर.

पहिल्याच वर्षी शेवटी आम्ही दोघे उरलो. मी, आणि पायाला प्लास्टर घातलेले एक गृहस्थ. प्लास्टर आधी गेलं! "निदान बसून स्कोअर तरी लिहितील," त्यांचा कॅप्टन म्हणाला.

मग हसनभाईंनी माझ्याकडे पाहिलं. हे दुसऱ्या टीमचे कॅप्टन, रत्नागिरीचे, राई नावाच्या गॅरेजांच्या भागात स्पेअर पार्टच्या दुकानात कामाला. "सोमण, तुझी ती लांबडी स्टेशन वॅगन हाय ना अजून?"

"आहे की."

"मग आलास टीममध्ये!"

वाळूवर अंथरायची मॅट दुसऱ्या कुठल्याच गाडीत मावत नव्हती.

*

हसनभाई मला राखीव बॉलर म्हणायचे. मेन बॉलरला मार पडला की ओरडायचे, "सोमण, गरम हो!" मी पार्क केलेल्या गाड्यांमागे धावायला लागायचो, हात फिरवायचो, घामाने निथळायचो. तेवढ्यात मेन बॉलर विकेट काढायचा आणि मी परत थंड.

एकदा घरी आलो तर मुलीने दारातच विचारलं, "बाबा, टुडे डिड यू बोल, ऑर ओन्ली ड्राइव्ह?"

बायको स्वयंपाकघरात इतकी हसली की पोळी करपली.

*

शेवटी एकदा ओव्हर मिळाली. पहिला बॉल वाइड. दुसरा वाइड. तिसरा थेट स्लिपच्या पोटात. अंपायर पंजाबी होता, मोठा सज्जन माणूस. बराच वेळ दोन्ही हात पसरून उभा राहिला आणि मग काकुळतीने म्हणाला, "सोमणसाब, एक स्टंप की तरफ भी डालो. कंधे दुख रहे हैं!"

*

एका शुक्रवारी मला सणकून ताप भरला. सकाळीच हसनभाईंना फोन केला. त्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "अरे, झोप तू. औषध घे. मॅचचं टेन्शन घेऊ नको." मला भरून आलं. परक्या मुलखात कुणीतरी आपली इतकी काळजी करतं!

"बरं," ते पुढे म्हणाले, "किल्ली घ्यायला कोणाला पाठवू?"

*

विकेट मी एकदा घेतली आहे, हे नमूद करतो. वाळूचं वादळ उठलं होतं, तिकडे त्याला तोझ म्हणतात. मॅच थांबवायच्या आधीचा शेवटचा बॉल मी डोळे मिटून टाकला. वाळू जरा खाली बसली तेव्हा मिडल स्टंप आडवा! सगळे माझ्या अंगावर पडले.

हसनभाईंनी बाजूला घेतलं. "खरं सांग, टाकताना तुला स्टंप दिसत होते?"

"नाही."

"म्हणून सरळ गेला!"

*

दोन हजारच्या पुढे कधीतरी वॅगनने मान टाकली. बायको म्हणाली, आता ही काढा. राईतल्या एका गॅरेजवाल्याला देऊन टाकली. गाडीचं दुःख नव्हतं. पण पुढच्या निवडीला मला कोण घेणार, या विचाराने आठवडाभर जेवण गोड लागलं नाही. हसायचं कारण नाही. शुक्रवार गेला की आमच्याकडे उरतं काय?

तरी गेलो. गाडीचं कुणालाच बोललो नाही. रुमैथियातल्या त्याच फ्लॅटच्या हॉलमध्ये कोपऱ्यात बसलो, नेहमीसारखा शेवटपर्यंत थांबायच्या तयारीने.

पहिली पाळी हसनभाईंची. समोर लीगमधला सगळ्यात फास्ट बॉलर बसलेला.

"सोमण!"

हॉलमध्ये हशा पिकला. मला राहवेना. उठून त्यांच्या कानाशी गेलो. "हसनभाई, फसवत नाही तुम्हाला. गाडी विकली मी."

"ठाऊक हाय. गॅरेजवाल्याकडून मीच घेतली, दुरुस्त केली." त्यांनी खिशातून माझी जुनी किल्ली काढून दाखवली. "गाडी झाली. आता बॉलर पायजे."