भरल्या गाडीचं माप

मंगळवारी सकाळी रोपांना पाणी घालताना बायको पडली. दवाखान्यात पोचेपर्यंत ती गेली होती. आदल्या दिवशी गॅरेजच्या मिस्त्रींनी तिच्या पिकअपचा मागचा बंपर कापून काढला होता.

पिकअप तिच्या वडिलांची. गोल दिव्यांची, जाड पत्र्याची, आता रस्त्यावर सहसा न दिसणारी. वडील गेल्यावर भावांनी ती भंगारात काढायची म्हटल्यावर हिने चावी मागून घेतली होती. अक्कलकोट रोडला कुंभारीजवळ आमची रोपवाटिका आहे. 'आमची' हा शब्द मी आता लिहितो. तेव्हा ती तिची होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावरही माझे दिवस पुस्तकांतच जात होते. लायसन्स माझ्याकडेही होतं, पण गाडी ती चालवायची. सीताफळ, लिंबू, शेवगा, डाळिंबाची कलमं भरून सांगोल्यापर्यंत, टेंभुर्णीपर्यंत जायची. सोबत कामाला कुंभारीच्या मावशी.

मावशी पंधरा वर्षं तिच्याबरोबर होत्या. वय साठीच्या पुढे, उंची बेताची, आवाज मोठा. शेतावर गाडी थांबली की त्या मागे चढायच्या आणि एकेक रोप खाली द्यायच्या. हे काम वाटतं तितकं सोपं नाही. रोप शेंड्याला धरून उचललं तर पिशवीतली माती सुटते आणि मूळ उघडं पडतं. पिशवी बुडातून उचलावी लागते. कुठल्या शेतकऱ्याला मागच्या वर्षी कुठली कलमं दिली, त्यातली किती जगली, हे सगळं मावशींच्या तोंडपाठ असायचं. वही मी पाहिली आहे. वहीत त्यातलं निम्मंही नाही.

पंधरा दिवसांनी मी रोपवाटिकेत गेलो तेव्हा मावशी पाणी घालत होत्या. त्यांनी पाइप खाली ठेवला नाही. तसंच बोलल्या.

"सर, रोपं मी बगते. पर गाडीवर मी काय आता येत न्हाय."

"का?"

"गुडगं. चढायचं व्हत न्हाय. बाई वरनं हात द्यायच्या, म्हून चढत व्हते. आता कोण देणार? तुमी?"

असं म्हणून त्या हसल्या आणि मग हसल्याबद्दल ओशाळल्या. मावशी गाडीवर नसतील तर रोपं शेतावर जाणार नाहीत, आणि रोपं गेली नाहीत तर सहा महिन्यांत रोपवाटिका बंद पडेल, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने पंधरा वर्षं उभं केलेलं बंद करायला मी तयार नव्हतो. मी एवढंच म्हणालो, "गाडीचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी गॅरेजला गेलो. एमआयडीसीत पत्र्याच्या शेडांची एक रांग आहे, तिच्या टोकाला मिस्त्रींची शेड. मिस्त्री तिच्या वडिलांच्या वेळेपासून ही गाडी बघत आलेले. मला पाहून त्यांनी ग्राइंडर बंद केला, हात पुसले, खुर्ची दिली आणि न विचारता चहा मागवला. ते मला बरं वाटलं.

गाडी कोपऱ्यात उभी होती. बंपर नसलेली गाडी मागून पाहिली की ती अर्धवट कपडे घातल्यासारखी दिसते. चासीची दोन टोकं उघडी होती. मागच्या उघडत्या फाळक्याखाली, जिथे बंपरच्या पट्टीने सगळं झाकलेलं असायचं, तिथे गंज, वायरी आणि वर्षानुवर्षांची माती. नंबरप्लेट तारेने बांधून ठेवली होती.

"जुना बंपर शोभेचा होता, सर," मिस्त्री म्हणाले. "निमुळता. त्याच्यावर पाय ठेवून मावशी मागच्या वर्षी घसरल्या, नडगी सोलली. तेव्हापासून भाभी माझ्या मागे लागल्या होत्या. काढून टाका, म्हणाल्या, शोभा नक्को, पायरी पाहिजे."

"किती उंचीची?"

"ते मंगळवारी ठरणार होतं. मावशीला घेऊन येते, म्हणाल्या होत्या."

मी त्यांना म्हणालो, माप मी देतो.

मला वाटतं, त्या दिवसांत मला काहीतरी नीट आखून करायची गरज होती. आयुष्यभर मी ग्रंथालयात बाइंडिंगची कामं करून घेतली होती. पुस्तकाची पाठ किती जाड, शिवण कुठे येणार, कापड किती सोडायचं, हे मी कागदावर काढून द्यायचो आणि ते बरोबर यायचं. मी घरच्या जिन्याची पायरी मोजली. शेजारच्या इमारतीतली मोजली. जिन्याच्या मापांवर वास्तुरचनेच्या एका पुस्तकात प्रकरण होतं, ते वाचलं. मग गॅरेजला जाऊन टेप लावला, जमिनीपासून फाळक्यापर्यंतचं अंतर घेतलं आणि त्याचे समान भाग पाडले. आलेख कागदावर आकृती काढली: जाड लोखंडी चॅनलचा बंपर, त्याच्याखाली दोन पायांवर पक्की वेल्ड केलेली पायरी, जमिनीपासून नऊ इंचांवर. पायरीला खडबडीत चेकर प्लेट, म्हणजे ओला पायही घसरणार नाही. दिव्यांना आणि नंबरप्लेटला जागा ठेवली. आकृती चांगली होती. आजही बघितली तर चांगलीच आहे.

मिस्त्रींनी कागद दोन्ही हातांनी घेतला. बराच वेळ बघितला.

"असंच करायचं?"

"असंच."

"हौ, सर," ते म्हणाले.

त्यांनी ते काम मन लावून केलं. पायरी इतकी सरळ बसली होती की तिच्यावर पेन्सिल ठेवली तर ती जागची हलली नाही. वर गंजू नये म्हणून रेड ऑक्साइड, त्यावर गाडीचा जुना गडद हिरवा. रंगारी आला होता, त्याने विचारलं, मागे भाभींचं नाव टाकू का, आजकाल सगळे टाकतात. मी मावशींकडे बघितलं. त्या गाडी न्यायला माझ्याबरोबर आल्या होत्या.

"कशाला?" मावशी म्हणाल्या. "गाडी लांबनं दिसली तरी लोकं वळकत्यात की."

नाव टाकलं नाही.

मावशी रिकाम्या गाडीवर चढून बघायला तयार नव्हत्या, पण माझ्याकडे बघून चढल्या. पहिल्या पायरीवर पाय सहज गेला. मला समाधान वाटलं. मग त्यांनी दोन्ही हातांनी फाळक्याची कड पकडली आणि स्वतःला वर ओढलं. तेव्हा त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो मी ऐकला, पण त्याचा अर्थ लावला नाही.

सांगोल्याच्या एका बागाईतदाराची डाळिंबाची कलमं तिच्या हयातीतच ठरलेली होती. ती आम्ही भरली. ओल्या मातीच्या पिशव्यांचं वजन किती होतं हे मला तोपर्यंत माहीत नव्हतं. एकेक थर चढत गेला तसे मागचे स्प्रिंगचे पाटे बसत गेले. मी पुढे स्टिअरिंगवर होतो, मावशी शेजारी. कुंभारीतून बाहेर पडलो नाही तोच पहिला गतिरोधक आला. मी अगदी सावकाश घेतला. पुढची चाकं गेली, मागची गेली, आणि मग मागून असा आवाज आला की चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली.

उतरून बघितलं. माझी पायरी गतिरोधकाच्या डांबरात रुतून, मागे मुडपून लोंबत होती. गतिरोधकावर एक लांब ओरखडा.

मावशी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या.

"सर, ही पायरी न्हाय. नांगर हाय."

टपरीवरचे हसले. मग मीही हसलो. ती गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसलो ते तिथे, भर रस्त्यात.

पण मावशींचं हसणं लगेच संपलं. गाडी कडेला घेतल्यावर त्या म्हणाल्या, "बगा सर, माज्यापायी गाडीचं नुसकान. मी सांगितलं व्हतं, माजं ऱ्हाऊ द्या. एक तरणी बाई बगा."

"आधी गॅरेजला जाऊ," मी म्हणालो. "तुम्हीही चला. भरल्या गाडीनिशी जाऊ."

मिस्त्रींनी वाकून बघितलं आणि त्यांना आश्चर्य वाटलं नाही. ते माझ्या लक्षात आलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"हौ, सर. खाली, रिकाम्या गाडीवर माप घेतलं होतं तुम्ही. भरली की चार-पाच बोटं बसते. गतिरोधकावर आणखी."

"मग बोलला का नाहीत?"

मिस्त्री अवघडले. "कैसा बोलता, सर? मय्यतीच्या घरातला माणूस कागद आखून घेऊन येतो. त्याला म्हणायचं, तुमचं चुकलं?"

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. गेले काही आठवडे सगळेच माझ्याशी असं वागत होते. जेवायला बोलवायचे आणि मी नाही म्हटलं की लगेच मान डोलवायचे. मी काहीही म्हटलं तरी लोक 'बरोबर आहे' म्हणायचे. एवढी वर्षं ग्रंथालयात चुकीचं पुस्तक मागणाऱ्याला मी शांतपणे योग्य पुस्तक काढून द्यायचो. माझ्यासाठी तसं कुणी करत नव्हतं.

"आता म्हणा," मी म्हणालो. "आणि तुम्ही ज्या पद्धतीने माप घेता त्या पद्धतीने घ्या."

मिस्त्रींचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यांनी शेजारच्या शेडमधून एक फळी आणली आणि ती मागे टेकवून उभी केली. मावशींना म्हणाले, "मावशी, पाय उचला. दुखेल तिथे थांबा. उगाच मोठेपणा नक्को."

"मोटेपणा कशाचा, मेल्या. उचलंना तर गुडगा."

"मला मेल्या म्हणा, पण पाय उचला."

मावशींनी पाय उचलला. मिस्त्रींनी फळीवर खडूने रेघ मारली. मावशींनी वाकून त्या रेघेखाली आपली वीत धरली. "एक वीत आन चार बोटं. ह्याच्या वर न्हाय."

ही भरल्या गाडीची रेघ झाली. मी निघायच्या तयारीत होतो.

"कुठे चाललात, सर? चढताना गाडी भरलेली, पण उतरताना रिकामी असते. रोपं उतरली की पाटे उठतात. शेवटचं रोप देऊन मावशी उतरणार ती उंच झालेल्या गाडीवरून. दोन्ही मापं पाहिजेत."

इतकी साधी गोष्ट कुठल्याही प्रकरणात लिहिलेली नव्हती. आम्ही तिघांनी ती सगळी कलमं उतरवली. मला दोनदा मावशींचा ओरडा खावा लागला, कारण मी शेंड्याला धरत होतो. गाडी हळूहळू वर आली. मावशींना हाताला धरून मिस्त्रींनी वर चढवलं आणि म्हणाले, आता उतरा. त्या उतरायला लागल्या, फाळक्यापाशी थांबल्या, आणि तिथूनच म्हणाल्या:

"अवो, पायरी पायरी काय लावलंय दोगांनी? पायाचं मी बगीन. हाताला काय हाय हितं धरायला?"

त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की बाई वरून हात द्यायच्या. मी ते दुःखाचं बोलणं समजून ऐकलं होतं. ती कामाची माहिती होती. मी दोन जिने मोजले होते आणि दोन्हींना कठडा होता.

मागचा भाग पुन्हा केला तो असा: चॅनलचा बंपर वर, चासीला घट्ट, गतिरोधकाला लागणार नाही इतका वर; त्याच्या माथ्यावर चेकर प्लेट, पूर्ण पाऊल मावेल इतकी रुंद. त्याच्याखाली बिजागरीची पायरी, जी चालताना वर दुमडून कडीने अडकते आणि थांबल्यावर साखळीवर खाली येते. साखळीला दोन जागी कडी, एक भरल्या गाडीची, एक रिकाम्या. आणि मागच्या डाव्या खांबाला उभा पाइप, मावशींच्या खांद्यापासून डोक्याच्या वरपर्यंत. उन्हात लोखंड चटका देतं म्हणून त्याला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली. ही शेवटची कल्पना मिस्त्रींची. आकृती या वेळी काढली नाही. मिस्त्री मध्येच मला म्हणाले, "सर, तुम्ही उजेडात उभे आहात, जरा सरका," आणि मी सरकलो. मला ते बरं वाटलं.

तीन दिवसांनी कलमं पुन्हा भरून सांगोल्याला गेलो. गतिरोधक आला तेव्हा मावशींनी दाराचा दांडा पकडला. काही वाजलं नाही. बागेत गाडी उभी केली, कडी काढली, पायरी साखळीवर खाली आली. मावशींनी पाइप धरला, एक पाय, दुसरा पाय, आणि वर. कुणी हात दिला नाही. वरून त्यांनी बागाईतदाराला पहिलं कलम दिलं, बुडातून धरून, आणि विचारलं, मागच्या वर्षीची त्या वरच्या तुकड्यातली कशी हायत. तो सांगू लागला. मी खाली उभा राहून रोपं घेऊ लागलो. चौथ्या-पाचव्या रोपानंतर मावशी मला ओरडल्या नाहीत.

आता आठवड्यातून तीन फेऱ्या होतात. गाडी मी चालवतो. मावशी मागे चढतात आणि आपल्या आपण उतरतात. रोपवाटिका चालू आहे. घरी आल्यावर मी एकट्यापुरता स्वयंपाक करतो.