चार वीक

वैजयंतीने आयुष्यात दारूचा थेंब चाखला नाही, आणि इंग्लंडातल्या स्लाऊच्या आमच्या हॉस्पिटलात रम पंच करावा तर वैजूनेच, अशी तिची ख्याती! मला विचाराल तर शुद्ध चावटपणा. पण मी तिची शेजारीण आणि त्याच हॉस्पिटलात रिसेप्शनला, त्यामुळे सगळं डोळ्यांदेखत घडलंय.

एक्याऐंशी साली वैजू लॅबमध्ये लागली. कँटीनमध्ये तिच्याजवळ पहिली येऊन बसली ती बार्बाडोसची सिस्टर मार्व्हा. थंडीचे बूट कुठे घ्यायचे इथपासून सगळं हिला तिनेच शिकवलं. दर ख्रिसमसला मार्व्हा स्टाफसाठी तिच्या बेटावरचा रम पंच करायची. अठ्ठ्याऐंशीच्या डिसेंबरात ती रिटायर होऊन कायमची घरी निघणार होती. सप्टेंबरातच तिने जाहीर केलं, "फेअरवेलचा पंच वैजू करणार. मी पाहुणी."

"अगं, नाही म्हणायचंस ना सरळ!" मी ओरडले.

"कसं म्हणू? इतक्या वर्षांत तिने एवढं एकच मागितलंय गं माझ्याकडे."

तिच्या नवऱ्याने, हरीशने, लायब्ररीतून शोध लावला की पंच हे नाव आपल्या 'पाच'वरून आलं असं म्हणतात. आंबट, गोड, रम, पाणी, मसाला, अशा पाच वस्तू. गोऱ्या खलाशांनी आपल्याकडून उचललेल्या. "म्हणजे घरचंच आहे," म्हणून तो मोकळा झाला. मदत शून्य!

मार्व्हाने फोनवर कृती सांगितली आणि वैजूने ती भराभर मराठीत उतरवली: आंबट एक, गोड दोन, स्ट्राँग तीन, वीक चार, वर जायफळ. चिठ्ठी उघडली नोव्हेंबरात. लिंबाचा रस एक वाटी, साखरेचा पाक दोन, रम तीन. आणि वीक चार? बाईसाहेबांनी वाचलं, चार आठवडे! मार्व्हाला म्हणायचं होतं फिकं, म्हणजे पाणी आणि बर्फ. इंग्लिशमध्ये लिहिलं असतं तर स्पेलिंगने वाचवलं असतं. मराठीत दोन्ही वीक एकसारखेच. हिने पाण्याचा थेंब न घालता बरण्या भरल्या, लोणच्यासारखा दादरा बांधला आणि चार आठवडे कपाटात मुरवल्या. चव बघायचा प्रश्नच नव्हता.

फेअरवेलच्या दुपारी मोठे डॉक्टर एका ग्लासात खुर्चीत बसले ते उठेचनात. मार्व्हाने घोट घेतला आणि तिला ठसकाच लागला.

"वैजू, वेअर इज द वीक?"

"फोर वीक्स! पूर्ण ठेवलंय. एक दिवस कमी नाही."

मार्व्हा पोट धरधरून हसली. वैजूला उलगडा झाला तशी ती रडवेली झाली. "मी वाट लावली गं हिच्या फेअरवेलची," मला म्हणाली. तेवढ्यात मार्व्हाने बरणीत मापून पाणी ओतलं, बर्फ टाकला, पुन्हा एक घोट घेतला. मग दुसरा. "माझ्यापेक्षा छान झालाय," म्हणाली.

वैजूला ते पटलंच नाही. पुढे दर डिसेंबरला लोक तिच्याकडे तोच मुरवलेला पंच मागायचे, ती करायची, "बार्बाडोसची जुनी रीत आहे हो" म्हणून वाढायची. पण घरी आली की तेच पालुपद, "मार्व्हाने माझं मन राखलं गं. शेवटची पार्टी बिघडवली मी तिची." सात वर्षं ऐकलं मी हे! कान किटले.

पंच्याण्णवच्या ख्रिसमसला मार्व्हाचं कार्ड आलं तेव्हा मी वैजूच्याच किचनमध्ये होते. वैजूने मोठ्याने वाचलं. मार्व्हाने लिहिलं होतं, 'मी आता पंच चार आठवडे मुरवल्याशिवाय पाणी घालतच नाही. सगळी गल्ली प्यायला येते. रीत कुठली विचारलं की सांगते, जुनी इंडियन आहे.'

वैजू हसायला लागली, आणि हसता हसता हमसाहमशी रडली. मलाही राहवेना.

मग तिने डोळे पुसले, बरणी ओढली, चमचाभर पंच पाण्यात कालवून जन्मात पहिल्यांदा तोंडात घातला, आणि माझ्यावरच डाफरली.

"लिंबू कमी आहे! इतकी वर्षं एकानेही सांगू नये?"