उंबऱ्याबाहेरचा निसणा

साताऱ्याहून निघताना धार लावायचा मोठा दगड मी घरीच ठेवला. वीट पाठीवर घेऊन हिंडायचं माझं वय नाही. चष्म्याच्या डबीत वस्तरा आणि एक पातळ दगड बसवला, भोवती कापडी पट्टा गुंडाळला आणि स्वतःवरच खूश झालो.

खांदेश्वरला दादाचा फ्लॅट. आजारपणात त्याचा उजवा हात लुळा पडला होता. दाढी जंगल झालेली, पण परक्या माणसाला तो गालाला हात लावू देत नव्हता. तो विधुर, मी बिनलग्नाचा. आम्हाला एकमेकांखेरीज कोणी नाही. डबी उघडली, तर दगडाचे दोन तुकडे.

"शिरवण्याला जा," दादा म्हणाला. "आमचा जुना सलूनवाला वारला, पण बायको आहे त्याची. सामान असेल तिच्याकडे."

शिरवण्याच्या गल्लीत भर दुपारी चिटपाखरू नव्हतं. सलूनवाल्याच्या बायकोने, मावशींनी, निसण्यांची (धार लावायच्या दगडांची) पेटीच समोर ठेवली. सगळे जडशीळ.

"बघा तुमी, मी पानी आनते," म्हणत त्या आत गेल्या.

तेवढ्यात उंबऱ्याबाहेर कोपऱ्यात पालथा पडलेला एक काळा निसणा दिसला. काडेपेटीएवढा, मधे झिजलेला. प्रवासाला अगदी हवा तसा.

"मावशी, हा छोटा घेतो!"

"घ्या ना," आतून आवाज आला. मी तो खिशात टाकला.

घरी धार लावायला बसलो, तर पाणी घालण्याआधीच दगड ओला होता. खिशात घामाने भिजला असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. धार मात्र दोन हातांतच चढली.

"थंड लागतंय रे," दादा म्हणाला. गाल झाले. मग डोळे मिटूनच म्हणाला, "मिशी पण काढ."

माझा हात थांबला. बाबा गेले तेव्हा दहाव्याला त्याने मिशी काढली होती, ती शेवटची.

"उगाच कशाला?"

"काढ म्हणतो ना."

काढली. रात्रभर मला भीती वाटत राहिली. सकाळी परतीला निघण्याआधी निसणा परत द्यायला शिरवण्याला गेलो. तो पाहताच मावशींच्या हातातला पेला कलंडला.

"ह्यो? ह्यो दहाव्याचा हाय. म्हनून तर घरात घेत नाय आमी. मना वाटला, पेटीतला घेतला."

"मावशी, माझ्या दादाला काही होईल का हो?"

"त्याला कशाला होईल?" त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "गेलेल्याला वस्तरा लावीत नाय. मागं ऱ्हातो, त्याची मिशी काढतात."

मी साताऱ्याला परत आलो. वस्तरा अजून डबीतच आहे, आणि दाढी मी वाढू दिली आहे.

काल दादाचा फोन आला. उजव्या हाताची बोटं हलायला लागलीत. दाढीही पुन्हा आली, मिशीची जागा मात्र अजून गुळगुळीतच आहे म्हणे. मला रडू आलं. आनंदाचंच होतं, निदान निम्मं.

"माझं टेन्शन सोड आता," तो म्हणाला. "तू बरा आहेस ना?"