गाव जाग्यावर हाये ना?

तीर्थपुरीतला आमचा पंक्चरवाला डोंगर चढणाऱ्यांचं घड्याळ घालतो. त्यात उंची दिसते, हवेचा दाबही. गिऱ्हाइकाच्या टायरात हवा भरण्याआधी तो घड्याळ बघतो आणि डॉक्टरासारखा सांगतो, "बाहेरची हवा आज बराबर हाये."

मागं एकदा भर उन्हात तो बसल्या जागी ओरडला, "गाव वीस मीटर वर गेलं!" आणि शेजारच्या मावशींच्या वाळत घातलेल्या कुरडया उचलायला धावला. मावशी लाटणं घेऊन त्याच्या मागं. पावसाआधी हवेचा दाब उतरला की ते घड्याळ उंची वाढवून दाखवतं, हे त्यांना काय माहीत! तासाभरात पाऊस कोसळला.

आता कुरडया घालण्याआधी मावशी त्यालाच विचारतात, "काय रं, गाव जाग्यावर हाये ना?"

तो मनगटाकडं बघत राहतो. "जरासं सरकलंय, मावशी. चहा पाजा, खाली आणतो."